तुकियेमचा कप्पा

"पाक वाकिदी, उतरा खाली! कढई काही उडून जात नाही. बघा तरी कोण आलंय!"

पोनिराहचा आवाज मुळात असा की तिला फोनची गरज पडूच नये. वाकिदी, गावात मोठ्या पुरुषांना म्हणतात तसा पाक वाकिदी, सभाघराच्या छपरावर बसून बांबूच्या टोकाला बांधलेली ॲल्युमिनियमची कढई बोटभर पूर्वेकडे वळवत होता. दातांत तार धरलेली होती, म्हणून त्याने नुसतं 'हं' केलं आणि खाली पाहिलं. भाड्याची मोटरसायकल येऊन थांबली होती. मागून उतरलेली बाई हेल्मेट काढून एका पायावर भार देऊन उभी होती आणि दुसऱ्या पायाचं टोक मातीत घोळवत होती. केस कापलेले, अंगात महागाचं जाकीट. पण तसं उभं राहणारी जगात एकच होती. वाकिदीच्या दातांतली तार कौलांवरून घरंगळत खाली गेली.

तो शिडीवरून उतरला. विनारने पुढे होऊन, वाकून त्याचा हात कपाळाला लावला.

"म्हातारे झालात की हो, बापाक."

"मग काय होणार? प्रवास बरा झाला?"

"झाला."

"जेवलीस?"

"विमानात."

"ते काय जेवण असतं."

नऊ वर्षांनी भेटलेल्या बापलेकीचं बोलणं एवढ्यावर संपलं. रडण्याचं काम विनारच्या आईच्या मैत्रिणीने, पोनिराहने, दोघांच्या वतीने करून टाकलं. "दगड आहेत मेले, दोघंही दगड," असं म्हणत तिने विनारला पोटाशी धरलं, आणि मोटरसायकलवाला पैसे मागायचे सोडून बघत राहिला.

विनार हाँगकाँगहून आली होती ती आईच्या न्येवूसाठी. तुकियेमला जाऊन शनिवारी हजार दिवस पुरे होत होते. हजाराव्या दिवसापर्यंत गेलेल्या माणसाचा जीव घराच्या वळचणीला घुटमळतो, आणि त्या दिवशीचा भात, त्या दिवशीची प्रार्थना घेऊन आपल्या वाटेला लागतो, अशी सुंबिंग डोंगराच्या उतारावरच्या माणसांची समजूत. आई गेली त्या वर्षी विमानं बंद होती. विनारने माती पडताना फोनवर पाहिली होती, तीही अर्धी. गावात फक्त रस्त्याच्या वळणावर मिळणारा सिग्नल मध्येच तुटला होता.

रात्रीच्या जेवणाला वाकिदीने सोयाबीनचं टेम्पे तळलं, नारळाच्या रसातली भाजी केली. विनार जेवली. मग हात धुताना, पाठ फिरवून, तिने विचारलं, "केंतोंगमध्ये आईचं बोलणं आहे ना?"

"आहे."

"किती?"

"किती ते दिसत नाही. कप्पा आहे एवढंच दिसतं."

"मला ऐकायचंय."

वाकिदी ताटं एकात एक ठेवू लागला. "तो बंद आहे, न्दुक, पोरी."

"तुम्हीच बनवलंय ना सगळं?"

"बनवलं मी," वाकिदी म्हणाला, "पण कुलूप माझं नाही."

केंतोंग म्हणजे खरं तर पोकळ लाकूड, सभाघराच्या दारात टांगलेलं. आग लागली, चोर आला, दरड कोसळली, की ते बडवायचं. वाकिदीने गावासाठी जाळं उभं केलं तेव्हा म्हाताऱ्यांनी त्यालाही तेच नाव देऊन टाकलं, आणि ते चिकटलं. त्याआधी वाकिदी खालच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचा. रेडिओ गेले, टेप गेले, मग फोन आले आणि फोन कोणी दुरुस्त करत नाही, नवा घेतात. तो कोबीच्या वाफ्यांवर परतला. एरवी तो तिथेच राहिला असता.

पण विनारने आपल्या होणाऱ्या नवऱ्याला एक फोटो पाठवला होता. लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं. पोरीने विश्वासाने पाठवला. त्या फोटोला पाय कसे फुटले ते शेवटपर्यंत कळलं नाही. मुलगा म्हणाला फोन हरवला होता, त्याचा मित्र म्हणाला मला काय माहीत. दोन दिवसांत तो खालच्या बाजारात टोमॅटो तोलणाऱ्याच्या फोनमध्ये होता, मिनीबसवाल्याच्या फोनमध्ये होता, मिनीबसमध्ये बसलेल्या शाळकरी पोरांच्या फोनमध्ये होता. लग्न मोडलं. तुकियेम लेकीला जे बोलली ते ती जन्मात कधी कोणाला बोलली नव्हती. आणि वाकिदी काहीच बोलला नाही. तो घराच्या छपरावर चढला आणि तीन दिवस कौलं काढून पुन्हा बसवत राहिला. छप्पर गळत नव्हतं. चौथ्या दिवशी तो उतरला तेव्हा पोरगी परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजंटकडे नाव देऊन आली होती.

ती गेल्यावर दोन वर्षांनी वाकिदीने तुकियेमची मोठी कढई चुलीवरून उचलली. मध्यभागी भोक पाडलं, प्लॅस्टिकचा पाइप बसवला, आत तार घातली आणि बांबूवर चढवून वरच्या वाडीकडे तोंड केलं. कढई आवाज गोळा करते, हे त्याला रेडिओच्या दिवसांपासून ठाऊक होतं. सेमारांग शहरातल्या कॉलेजातल्या दोन मुली येऊन राहिल्या. त्यांनी सभाघरात एक छोटा संगणक बसवला, चपलेच्या खोक्याएवढा, आणि निरोप कुलपात कसे ठेवायचे ते शिकवलं. वर्षभरात डोंगराच्या त्या अंगावर सव्वीस कढया उभ्या राहिल्या. बायका कढया लपवून ठेवू लागल्या. "वाकिदी आला, वाकिदी आला," म्हणत पोनिराह आपली कढई पदराखाली धरून पळायची.

हे जाळं बाहेरच्या नेटला कुठेही जोडलेलं नव्हतं. डोंगरातलं डोंगरात. दाईला बोलवायचं, औषध विचारायचं, कोबीचा भाव सांगायचा, भांडायचं, चुगल्या करायच्या. ज्यांना वाचता येत नव्हतं ते फोनमध्ये बोलून निरोप पाठवायचे, आणि प्रत्येकाच्या नावाचा कप्पा ते निरोप जपून ठेवायचा. कोणाचा कप्पा कोणाला उघडता येत नसे, वाकिदीलाही नाही. तिथल्या पंचांगाप्रमाणे दर पस्तीस दिवसांनी सगळे सभाघरात चटयांवर बसत आणि काय चालायचं, काय नाही, ते ठरवत. कोणी आपला पासवर्ड विसरलं तर काय? मुलींनी त्यावर युक्ती दिली होती. एका मोठ्या चावीचे पाच तुकडे केले होते आणि बंद पाकिटांत पाच जणांकडे ठेवले होते: वस्तीचे प्रमुख पाक सुयुद, शाळेच्या बाई, दाई, मशिदीची देखभाल करणारे मोदिन आणि वाकिदी. पाचांतले तीन तुकडे एकत्र आले की कप्पा उघडे. म्हाताऱ्या कार्सोसाठी तो तीनदा उघडावा लागला होता. तिन्ही वेळा कार्सो म्हणाला की पासवर्ड उंदराने खाल्ला.

मेलेल्या माणसाच्या कप्प्याचा प्रश्न निघाला तेव्हा सभा लांबली. पुरुषांचं म्हणणं, थोरल्या मुलाला द्यावा, जमिनीसारखा. तेव्हा बायकांच्या रांगेतून तुकियेम उभी राहिली. ती सभेत कधी बोलत नसे.

"जमीन मुलाला द्या, गाय मुलाला द्या," ती म्हणाली. "मी पोनिराहला जे बोलते ते काय वाफा आहे का वाटून घ्यायला? मी मेले तर मेले. मागून कोणी माझं पोट उकरू नका. आमच्या ह्यांनी तर मुळीच नाही."

सभाघर हसून लोळलं. पण ठरलं ते तसंच. मेलेल्याचा कप्पा कोणी उघडायचा नाही; न्येवूच्या दिवशी तो पुसायचा, म्हणजे जीव मोकळा आणि बोलणंही मोकळं. तुकियेम पुन्हा खाली बसली आणि तिने वाकिदीकडे पाहून भुवई उडवली. त्याला तेव्हा तिचा थोडा रागच आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाक सुयुद आले. ओसरीत बसले, कॉफी घेतली, कोबीवरच्या अळीबद्दल बोलले. मग खिशातून एक पाकीट काढून त्यांनी बाकावर ठेवलं. भाताच्या खळीने बंद केलेलं.

"हे माझं," ते म्हणाले. "शाळेच्या बाई पण द्यायला तयार आहेत. काल रात्री पोर त्यांच्याकडे गेली होती, रडली बिचारी. तुझं एक मिळालं की तीन झाले."

"नियम काय आहे, पाक?"

"नियम मला सांगतोस? मीच लिहून काढलाय तो." सुयुदनी कप खाली ठेवला. "अरे, नियम माणसांसाठी असतो ना? तिच्या आईचं आहे. परकं कोणी मागत नाहीये. सभेत मी बघून घेईन. तुझ्या बायकोबद्दल कोण हरकत घेणार?"

"तिनेच घेतलीय."

सुयुद हसले नाहीत. "वाकिदी, तुला नाही ऐकावंसं वाटत?"

वाकिदी उठला, कप आत घेऊन गेला आणि बराच वेळ धूत राहिला. बाहेर आला तेव्हा पाकीट बाकावरच होतं. त्याने ते सुयुदच्या हातात दिलं. "भिजेल इथं. खिशात ठेवा."

ऐकावंसं वाटत नव्हतं का? दर पंधरा दिवसांनी तो संगणकावरची धूळ पुसायला जायचा, तेव्हा पडद्यावर नावांची यादी यायची आणि तिच्यात ते नाव असायचं. तो त्यावर बोट ठेवायचा. पलीकडे ती आहे, भिंतीपलीकडे बोलावी तशी, असं त्याला वाटायचं. एवढंच. पण त्या तीन दिवसांबद्दल ती पोनिराहला काय बोलली असेल, छपरावर चढून बसलेल्या नवऱ्याबद्दल, याची त्याला भीतीही वाटायची. ऐकावंसं वाटणं आणि भीती, दोन्ही इतकी एकत्र वाढली होती की त्यातलं कोणतं मोठं ते त्याचं त्याला कळत नव्हतं.

सुयुद गेले आणि विनार आतून बाहेर आली. ती ऐकत होती.

"तुम्ही नाही देणार."

"नाही."

"मी काही चोरी करत नाहीये, बापाक. आई आहे माझी. सहा वर्षं फोन केला की एकच, 'बरी आहे, तू जेवलीस का.' शेवटच्या महिन्यातसुद्धा, खोकता खोकता, 'बरी आहे.' ती माझ्यावर रागावलेली होती की नव्हती, मला एवढंच हवंय. त्यात असेल ते. पोनिराह काकींना तिने सगळं सांगितलं असणार."

"असेल."

"मग?"

वाकिदीला शब्द जुळवायला वेळ लागे. विनार तेवढा वेळ थांबली नाही.

"तेव्हा पण असंच केलंत तुम्ही," ती म्हणाली. "सगळा बाजार मला बघत होता आणि तुम्ही कौलं मोजत होता. मी खाली उभी राहून हाक मारली होती. ऐकली होतीत ना?"

"ऐकली होती."

"मग का नाही उतरलात?"

"खाली आलो असतो तर तुझ्याकडे बघावं लागलं असतं," वाकिदी म्हणाला. "मला वाटलं, आधीच सगळे बघतायत. आपण तरी बघू नये."

विनार ओसरीच्या पायरीवर बसली.

"चूक झाली," तो पुढे म्हणाला. "उतरायला हवं होतं. तू गेल्यावर मी रोज उतरत होतो, मनात. पण हे जे उभं केलंय ना, कढया, तारा, सगळं, ते एवढ्यासाठीच की एकाचं दुसऱ्याच्या हातात जाऊ नये. आज तुझ्यासाठी उघडलं, उद्या सुयुदच्या पोरासाठी उघडतील. त्याचं पण कारण चांगलंच असेल. कारणं सगळ्यांचीच चांगली असतात, न्दुक."

"तिला आता काय फरक पडतो?"

"तिला नाही. कार्सोला पडतो. तो परवा विचारत होता, मी मेल्यावर माझं पोरं ऐकणार नाहीत ना? त्याला 'नाही' म्हणालोय मी."

विनार चपला घालून निघून गेली. तो दिवसभर वरच्या वाडीवर होता. तिथली एक कढई वाऱ्याने वाकली होती. संध्याकाळी परतला तेव्हा तिने भात करून झाकून ठेवला होता. ती मात्र पोनिराहकडे झोपायला गेली होती.

शनिवारी पहाटेपासून अंगणात बायका जमल्या. न्येवूचा स्वयंपाक एका घरचा नसतो. कोणी नारळ खवत होतं, कोणी केळीची पानं पुसत होतं, कोंबड्या अख्ख्या शिजवायला बांधून ठेवल्या होत्या. तांदळाचे आपम भाजण्याचा वास गल्लीभर गेला होता. वाकिदीला त्यात काही काम नव्हतं. तो मागच्या बाजूला लाकडं फोडत होता.

बांबूच्या विणलेल्या भिंतीपलीकडे, आतल्या चुलीपाशी पोनिराह आणि विनार दोघीच मिरच्या वाटत होत्या. दोन दिवस दोघींचं या विषयावर काही बोलणं झालं नसावं, किंवा फारच झालं असावं, कारण पोनिराह एकदम म्हणाली, "तिच्या कप्प्यातलं तिचं. त्याला हात लावायचा नाही, तुझा बाप म्हणतो ते बरोबर आहे. मेला हट्टी आहे, पण बरोबर आहे. आता माझ्याकडे जे आलं ते माझ्या फोनात आहे. ते माझं. ते कोणाला ऐकवायचं ते मी ठरवणार. त्याला सभा नको आणि पाकीट नको."

"काकी..."

"थांब. सगळं नाही ऐकवणार. आधीच सांगते. त्यात माझा नवरा आहे, माझी सून आहे, माझं नको नको ते आहे. ती बोलली कारण तिला ठाऊक होतं मी गिळून बसेन. एक ऐकवते. रडायचं नाही, वाटण खारट होईल."

वाकिदीच्या हातातली कुऱ्हाड खाली आली ती लाकडावर न येता शेजारी आली. त्याने निघून जायला हवं होतं. तो तिथेच थांबला.

"आणि भिंतीमागे उभं राहणाऱ्यांनी आत येऊन बसावं," पोनिराह मोठ्याने म्हणाली. "चोरून ऐकायला बंदी आहे आपल्याकडे."

तो आत गेला आणि दारापाशी पाटावर बसला. विनारने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण थोडी सरकली. पोनिराहने मिरचीचे हात पुसले, फोन मिरचीच्या रोळीवर टेकवून ठेवला आणि बराच वेळ बोटाने वर वर सरकवत राहिली. मग थांबली.

आधी कोंबडा ओरडला. मग तुकियेम.

"पोनिराह, ऐकतेस का? अगं, आमच्या ह्यांनी तिसरी कढई पळवली. मासे तळायची. विचारलं तर म्हणतात, वरच्या वाडीला आवाज पोचत नाही. म्हटलं न्या. काय करू? मासे काय, उकडून खाऊ." मध्ये थोडं हसणं, थोडा खोकला. "पोरगी गेली तेव्हा हा माणूस एक शब्द बोलला नाही ग. मी निदान घाण तरी बोलले. हा तेवढंही नाही. आणि आता बघ, अख्ख्या डोंगराला बोलायला लावतोय. परवा छपरावर होता तर मी खालून बघत बसले. म्हटलं, पडशील रे. पण हाक नाही मारली. हाक मारली की दचकतो तो वर असताना. तुला काय वाटतं, तिथं त्या गावात मासे मिळत असतील का तिला, आपल्यासारखे? समुद्र आहे म्हणे. मिळत असतील... बाई, भात लागला वाटतं. ठेवते."

आवाज थांबला. अंगणात कोणीतरी केळीच्या पानांवरून भांडत होतं.

विनार वाटणाच्या दगडाकडे बघत होती. "रागावली होती का, काकी?" तिने विचारलं. "तेवढंच सांगा. ऐकवू नका."

पोनिराहने फोन पदराला पुसून ब्लाउजमध्ये खोचला. "होती. दोनेक महिने होती. मग एक दिवस तुझ्या खोलीतली मच्छरदाणी काढून ठिगळं लावत बसली. म्हणाली, पावसाळ्यात येईल पोर, तेव्हा डास फार. दर पावसाळ्यात म्हणायची. मी म्हणायचे, फोन करून बोलाव की बाई. तर म्हणायची, माझ्या तोंडून तिला जे गेलंय, त्यानंतर 'ये' कुठल्या तोंडाने म्हणू? ती आली की मी मासे करीन, तेवढंच."

विनारने उपड्या हाताने डोळे पुसले. हाताला मिरची होती. ती ओरडली, पोनिराहने पाण्याचा तांब्या तिच्या तोंडावर ओतला, आणि त्या गोंधळात वाकिदी उठून बाहेर गेला.

"धूर फार झालाय," तो जाता जाता म्हणाला.

"चूल कुठं पेटवलीय अजून?" पोनिराह म्हणाली. पण हळू म्हणाली.

दुपारच्या नमाजानंतर वाकिदी सभाघरात गेला. पाक सुयुद साक्षीला बसले होते. विनारही आली, डोळा सुजलेला घेऊन. तिला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी थांबवलंही नाही.

"अजून पाकीट माझ्या खिशातच आहे हं," सुयुद म्हणाले. "एकदा सांगून ठेवतो."

वाकिदीने विनारकडे पाहिलं. मग तिने मान हलवली, नाही म्हणून.

सुयुदनी वहीत तारीख लिहिली आणि नियमाप्रमाणे नाव मोठ्याने वाचलं: तुकियेम, कार्तोदिमेजोची मुलगी. वाकिदीने यादीतल्या त्या नावावर बोट ठेवलं. यंत्राने विचारलं, नक्की? त्याने हो म्हटलं. यंत्राने पुन्हा विचारलं. सेमारांगच्या मुलींनी ते मुद्दाम तसं केलं होतं, माणसाला दुसऱ्यांदा विचार करायला जागा असावी म्हणून. तो तेवढा वेळ थांबला. मग पुन्हा हो म्हटलं.

"आवाज नाही का होत काही?" विनारने विचारलं.

"नाही."

पडद्यावर तुकियेमच्या खालचं तुमिनाहचं नाव एक ओळ वर सरकलं. त्याच्या खालची नावंही एकेक ओळ वर आली, आणि यादी शांत झाली. सुयुदनी वहीत सही केली, वाकिदीच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि चटया आल्या का बघायला म्हणून बाहेर पडले.

वाकिदी संगणकासमोर बसून राहिला. विनार त्याच्या शेजारी, थोडी मागे.

"बापाक, मला पण एक कप्पा द्या."

"तू तर जाणार."

"सोमवारी आहे विमान."

"मग काय करशील त्याचं? तिथं पोचत नाही हे. वळणाच्या खालीसुद्धा पोचत नाही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पोनिराह काकी बोलतील. त्या काय, भिंतीशीही बोलतात. तुम्ही पण बोला कधीतरी. रोज नको. कढई वाकली, कोबी गेला, असलंच काहीतरी. साठत राहू दे इथं. आल्यावर बसून ऐकीन."

"कधी येशील?"

"पुढच्या करारात दोन वर्षांनी सुट्टी आहे. तेव्हा येणार."

वाकिदीने 'बरं' म्हटलं. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्याने तिचं पूर्ण नाव लिहिलं, विनार्सिह, आणि एकदा तिला दाखवून घेतलं. मग यंत्र तिच्याकडे वळवलं.

"आता पासवर्ड. तुझा तू टाक. मला सांगू नकोस, लिहून ठेवू नकोस. जरा मोठा घे."

तो उठला आणि दाराशी जाऊन बाहेर तोंड करून उभा राहिला. ऊन कलतीला आलं होतं. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन चढाने येत होत्या. मोदिन चटया झटकत होते.

"झालं?" त्याने मागे न बघता विचारलं.

"थांबा हो. विचार करतेय."

"कर."

पुढची बाई पायरीशी आली. तिच्या टोपलीत गरम भात होता आणि तिला तो आत ठेवायचा होता. "सरका की पाक, हात भाजले," ती म्हणाली. वाकिदीने टोपली तिच्या हातून स्वतःकडे घेतली, पण सरकला नाही. दोन्ही हातांत भात धरून तो उंबऱ्यात उभा राहिला, दार पुरतं अडवून, मागे बोटांची टकटक चालू होती तोवर.